ससा उलटला तेव्हा

बेंगळुरूच्या जन्माची गोष्ट एका सशापाशी सुरू होते. येलहंकाचा नाडप्रभू केंपेगौडा शिकारीला निघाला होता. पुढे ससा आणि मागे कुत्रा, ही रानातली जुनी रीत. त्या सकाळी मात्र कुत्रा शेपूट घालून पळत होता आणि ससा त्याच्या पाठीवर होता. जिथला ससासुद्धा कुत्र्यावर उलटतो ती माती काही साधी नाही, असं मनाशी म्हणत केंपेगौड्याने त्या जागेला ‘गंडुभूमी’ म्हटलं. (कन्नडमध्ये गंडु म्हणजे मर्द. मराठी माणसाने हा शब्द आपल्या गावी चारचौघांत जरा जपूनच उच्चारावा.) १५३७ मध्ये त्याने मातीचा कोट घालून पेठ वसवली, आणि आज त्या पेठेचं काय झालंय ते सिल्क बोर्डच्या चौकात अडकलेल्या कुणालाही विचारावं.

गोष्ट गोड आहे, पण एकट्या बेंगळुरूची नाही. तुंगभद्रेकाठी हरिहर आणि बुक्क यांनाही असाच कुत्र्यांवर उलटलेला ससा दिसला, त्यांचे गुरू विद्यारण्य यांनी त्याचा अर्थ सांगितला आणि विजयनगर उभं राहिलं. साबरमतीकाठी सुलतान अहमदशाहालाही तोच देखावा दिसला आणि १४११ मध्ये अहमदाबाद वसलं. राजे वेगळे, धर्म वेगळे, नद्या वेगळ्या. ससा तेवढा एकच. इतिहासाचा अभ्यासक अशा वेळी ‘दंतकथेचा ठरावीक साचा’ म्हणून वही मिटतो. कारवानी कुत्रा सशामागे सुटलेला ज्याने डोळ्यांनी पाहिलाय, तो मात्र वही मिटायला थोडा वेळ लावील.

कारण ससा खरंच उलटतो.

कारवानी म्हणजे आता ‘मुधोळ हाउंड’ म्हणून मिरवणारा, पोट पाठीला लागलेला, लांब तोंडाचा कुत्रा. मुधोळच्या मालोजीराव घोरपड्यांनी या जातीची जोपासना केली, २००५ मध्ये तिच्यावर टपाल तिकीट निघालं आणि पुढे सैन्यानेही तिची दखल घेतली. हा कुत्रा वासावर नाही, नजरेवर धावतो. समोर हलतंय ते पकडायचं, एवढंच त्याचं शास्त्र. सरळ धावेत तो सशाला गाठत आणतो. तोंड सशाच्या पुठ्ठ्यापर्यंत पोचतं, आणि नेमक्या त्या क्षणी ससा मागचे पाय रोवून वळतो. कुत्र्याचं अंग जड आणि वेग मोठा, त्यामुळे तो दहा पावलं पुढे घसरत जातो. ससा तोवर आल्या वाटेने, मागून येणाऱ्या दुसऱ्या कुत्र्याच्या अंगावर गेल्यासारखा परत फिरलेला असतो. दूर घोड्यावर बसलेल्याला धुळीत एवढंच दिसतं, की कुत्रा पुढे आहे आणि ससा मागे. राजाच्या नजरेत ती क्षणभराची उलटापालट भरली असेल आणि भाटांनी पुढचं काम केलं असेल. पुराव्याने सिद्ध होणारी ही गोष्ट नव्हे. पण निव्वळ चमत्कारापेक्षा ती बरी वाटते.

मराठीत आपण एकाच ‘ससा’ या शब्दात दोन प्राणी कोंबलेत. पिंजऱ्यातला, लाल डोळ्यांचा, गाजर खाणारा पांढरा ससा हा मूळचा युरोपातल्या बिळकरी सशाचा पाळीव वंशज. तो जमिनीखाली बोगदे खणतो, घोळक्याने राहतो, आणि त्याची पिल्लं आंधळी, उघडी जन्मतात. आपल्या माळावरचा ससा बीळ खणत नाही. गवताच्या ठोंबाखाली अंगाएवढी बैठक करून तो दिवसभर दबून असतो. त्याची पिल्लं अंगावर केस आणि उघडे डोळे घेऊनच येतात, कारण त्यांना लपायला भिंत नसते. मानेवर काळा ठिपका, हरभऱ्याएवढ्या कोरड्या लेंड्या, आणि पाय अगदी अंगावर पडेपर्यंत न हलण्याची जिद्द, ही याची ओळख. ‘पायाखालून ससा उठला’ हा वाक्प्रयोग शब्दशः खरा आहे. आपण दचकतो आणि तो सुटतो.

या एका फरकाने शिकारीची सगळी हत्यारं बदलतात. इंग्लंडच्या खेड्यात हिवाळ्यात सशाला निघणारा माणूस खांद्याला लाकडी खोका लावतो. खोक्यात फेरेट असतो. दिसायला मुंगसाचा चुलतभाऊ, कुळाने पाणमांजराचा. बिळांच्या तोंडांवर जाळीच्या पिशव्या अंथरायच्या, बोलायचं नाही, पाय आपटायचा नाही, आणि एका भोकातून फेरेट सोडायचा. आत धडपड ऐकू येते आणि ससा जाळीत येऊन आदळतो. जाळी नसेल तर बाजूला छऱ्याची बंदूक धरून कुणी उभा असतो. कधी घोटाळा होतो: फेरेट आतच सशाला मारतो, पोटभर खातो आणि तिथेच झोपी जातो. मग शिकारी फावडं घेऊन संध्याकाळपर्यंत जमीन उकरत बसतात. ही विद्या दोन हजार वर्षं जुनी आहे. ग्रीक भूगोलकार स्ट्रॅबोने लिहिलंय की स्पेनकडचे लोक तोंडाला मुसकी बांधून हा प्राणी बिळात सोडत. भूमध्य समुद्रातल्या बेटांवर तेव्हा ससे इतके माजले होते की तिथल्या लोकांनी रोमकडे मदत मागितली. रोमन लेखक प्लिनीच्या म्हणण्याप्रमाणे तर सम्राट ऑगस्टसकडे सैन्यच मागितलं!

दख्खनच्या माळावर हा फेरेट आणून सोडला तर बिचारा काय करील? सशाचं बीळच नाही. घुशीच्या बिळात शिरून तोच नागाच्या तावडीत सापडायचा. इथे काम जमिनीवरचं, म्हणून हत्यार वाघुरीचं. वाघूर म्हणजे लांबलचक सैल जाळं. सशाच्या ठरलेल्या येण्याजाण्याच्या वाटेवर, बांधाच्या किंवा झुडपांच्या कडेने, हलक्या काठ्यांवर ते उभं करायचं. मग दुसऱ्या टोकाने हाकारे निघतात. जाळं ताठ असेल तर ससा आपटून परत फिरतो. सैल असेल तर त्याच्या अंगाभोवतीच गुंडाळतं. सगळी कला त्या ढिलाईत. ठासणीची बंदूक, आणि पुढे रात्री बॅटरीच्या झोतात सशाला थबकवून मारणं, हे नंतरचं, आणि खरं सांगायचं तर फार कमी कसबाचं.

वाघूर हा शब्द संस्कृतातल्या ‘वागुरा’चा, आणि जाळं टाकणाऱ्या जमातीचं ‘वाघरी’ हे नाव त्याच घरातलं मानतात. बेंगळुरूच्या दक्षिणेला, बन्नेरघट्ट्याजवळ हक्की-पिक्कींची वसाहत आहे. हक्की म्हणजे पाखरू. पाखरं धरणारे ते हक्की-पिक्की. त्यांची वाग्री बोली गुजरातीच्या जवळची, आणि आपल्याकडच्या पारध्यांशी त्यांचं नातं भाषेतही सापडतं. रानात भटकणारी ही माणसं सरकारने वसाहतींत बसवली, तेव्हा त्यांनी मुलांना ठेवलेली नावं आज वर्तमानपत्रांचा आवडता विषय आहेत: हायकोर्ट, कॉफी, जपान. नव्या जगातलं जे जे बलवान दिसलं ते त्यांनी लेकरांच्या अंगावर घातलं. हसणाऱ्याने खुशाल हसावं, पण आपण पोरांना विक्रम आणि प्रताप म्हणतो तेव्हा तरी वेगळं काय करतो?

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात लहान शिकारीचे परवाने होते. १९९१ च्या दुरुस्तीने परवान्यांचं ते दारच बंद झालं आणि माळावरचा ससा मारणं हा गुन्हा ठरला. ठीकच झालं. पण ज्याच्या घरी बारा बोअरची बंदूक शौकापुरती होती त्याने ती भिंतीवर टांगली, आणि ज्याचं पोटच वाघुरीवर होतं त्याला धंदा बदलावा लागला. हक्की-पिक्की जडीबुटी आणि केसांचं तेल विकत पार आफ्रिकेपर्यंत पोचले. २०२३ च्या एप्रिलमध्ये सुदानात लढाई पेटली तेव्हा तिथे अडकलेल्या भारतीयांत तेही होते, आणि ‘ऑपरेशन कावेरी’तून त्यांना परत आणावं लागलं. सशाच्या वाटेवर जाळं लावणाऱ्यांच्या नातवंडांची वाट खार्टूममार्गे गेली!

बेंगळुरूशी मराठी माणसाचं शिकारीचंही एक नातं आहे. १६३८ मध्ये आदिलशाही सरदार रणदुल्लाखानाबरोबर आलेल्या शहाजीराजांच्या हाती तिसऱ्या केंपेगौड्याचं बेंगळुरू आलं आणि ते त्यांची जहागीर झालं. गंडुभूमी भोसल्यांची झाली. ज्या मुधोळच्या बाजी घोरपड्याने १६४८ मध्ये जिंजीपाशी शहाजीराजांना पकडलं, तेच हे कारवानी कुत्र्यांचं मुधोळ. इतिहासाला असल्या जोडण्या करायची खोड आहे. पुढे २३ जानेवारी १६६४ रोजी, आजच्या दावणगेरे जिल्ह्यात, चन्नगिरीजवळच्या होदिगेरे गावी शिकारीच्या वेळी घोड्यावरून पडून राजे गेले. समाधी तिथेच आहे. आयुष्यभर लढाया केलेला माणूस रानातल्या अडखळलेल्या टापेने जावा, हे वाचताना आजही चुटपुट लागते.

शहर वसवणाऱ्या पहिल्या केंपेगौड्याच्या आख्यानाचा दुसरा एक पाठ सांगतो की तो येलहंकाहून पश्चिमेला, हेसरघट्ट्याजवळच्या शिवसमुद्र गावापर्यंत गेला आणि एका झाडाखाली बसून त्याने शहराचं स्वप्न पाहिलं. ते हेसरघट्टा अजून आहे. १८९४ मध्ये अर्कावती अडवून तिथे तलाव बांधला आणि नळाने पाणी शहरात आलं. तलावाच्या कडेचा गवताळ माळ सरकारी नकाशांवर बराच काळ ‘रिकामी जागा’ होता, म्हणजे कुणी ना कुणी काही ना काही बांधायला मोकळी. अखेर २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये ५,६७८ एकरांना संवर्धन राखीव क्षेत्र करायला राज्य वन्यजीव मंडळाने मान्यता दिली. माळाला झाडं नाहीत म्हणून ते रान नाही, हा समज आपल्याकडे इतका पक्का, की गवत वाचवायला माणसांना वर्षानुवर्षं अर्ज करावे लागतात. ससा तर अर्जही करत नाही.

पहाटे सहाच्या सुमाराला तिथे गेलं तर धुक्यात आधी टिटवी ओरडते. उन्हं आडवी पडली की गवतात कुठेतरी दोन कान दिसतात, उजेड आरपार जाणारे, शिरांसकट गुलाबी. आता राजाचे कारवानी नाहीत; कडेच्या वस्तीतली मोकाट कुत्री असतात, तीन-चारच्या टोळीने. त्यातलं एखादं धावतं. ससा कान पाठीला चिकटवून सरळ रेषेत सुटतो, कुत्रं जवळ येतं, आणि प्लॉटच्या हद्दीला पुरलेल्या चुना लावलेल्या दगडापाशी ससा वळतो. कुत्रं घसरत दगडापलीकडे जातं. ससा परत माळाकडे येत असतो, आणि मागची दोन कुत्री त्याला वाट देत बाजूला होतात.