सापाचे अंथरूण

गेल्या दिवाळीत न्यू जर्सीहून नातीचा फोन आला. "आजोबा, माझ्या कॉर्न स्नेकच्या पेटीत खाली काय अंथरू? तुम्ही तर जंगलातले!" आदिलाबादविषयीची तिची ही समजूत मी आजवर खोडून काढलेली नाही. आपल्याकडे 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे नाग, धामण पकडणे वा पाळणे हा गुन्हा आहे. तिकडे हे बिनविषारी साप पेटीतच जन्मतात आणि दुकानात विकले जातात.

प्रश्न पोरकट वाटेल. मला तो तसा वाटला नाही. त्याला कारण आहे.

1987 साली, नागपंचमीच्या दिवशी, एका गारुड्याकडून जप्त केलेला नाग आमच्या कचेरीत रात्रभर ठेवावा लागला. वनखात्याची माणसे सकाळी येणार होती. श्रावणातली झड लागलेली. मला वाटले, जनावराला गारठा बाधेल. म्हणून शिपायाला पाठवून जिनिंगमधून पिंजलेला कापूस आणवला आणि पत्र्याच्या पेटीत चांगला जाड पसरला. आपल्या जिल्ह्यात कापसाला काय तोटा! सकाळी नाग मेलेला होता. गारुड्याने त्याचे दात उपटलेले होते आणि त्या जखमी तोंडात कापसाचे तंतू गुंतून बसले होते. तो कशाने मेला, याचा पंचनामा कुणी केला नाही. कापूस मात्र मीच मागवला होता.

मऊ म्हणजे सुखाचे, हे आपल्या गादीचे माप. सापाला स्वतःची ऊब नसते. ती त्याला बाहेरून मिळावी लागते. शिवाय अंग लपवायला जागा आणि बेताची ओल लागते. केसलापूरच्या नागोबाच्या जत्रेत, पौष अमावास्येला, मेस्राम घराण्यातील लेकी-जावई चिखल कालवून नवे वारूळ घडवतात, ते बंदोबस्ताच्या निमित्ताने मी अनेकदा पाहिले. वारूळ बांधते वाळवी. आत हवा सम राहते, ओल टिकते. आयत्या बिळावर नागोबा ही म्हण आपण हिणवून वापरतो, पण जागेची निवड नागोबाला आपल्यापेक्षा चांगली कळते.

नातीशी बोलताना आम्ही एकेक वस्तू तपासली. वर्तमानपत्र स्वच्छ आणि स्वस्त. आजारी वा नव्या सापासाठी उत्तम, कारण विष्ठा लगेच दिसते. पण त्यात शिरता येत नाही. सीडरचा भुसा मुळीच नको. त्याच्या सुगंधी तेलांचा सापाला अपाय होतो. (आपले सागवान सुचवण्याचा मोह मला झाला होता, खात्री नव्हती म्हणून आवरला.) वाळू भक्ष्याबरोबर पोटात गेली तर आतडे तुंबू शकते. नारळाच्या काथ्याचा भुसा ओल धरतो, म्हणून आफ्रिकेतल्या बॉल पायथनला तो मानवतो. कॉर्न स्नेकला कोरडेपणा चालतो आणि भुसभुशीत थरात शिरायला आवडते; त्याच्यासाठी ॲस्पेन लाकडाचा भुसा बरा. तो भिजला की बुरशी धरतो, तेव्हा पाण्याचे भांडे सांडले तर लगेच बदलायचा. भक्ष्य वेगळ्या डब्यात द्यायचे.

तिने चार बोटे थर घातला आणि छायाचित्र पाठवले. मी चष्मा पुसून दोनदा पाहिले, साप काही दिसेना.

"तो आत गेलाय, आजोबा," ती म्हणाली.