रॉकेलचा वास

रॉकेलचा वास आता घरांतून गेलाच आहे. स्टोव्ह गेले, कंदील गेले, रेशनच्या दुकानापुढची डबे घेतलेली रांगही गेली. पण एखाद्या गॅरेजवरून जाताना कुणी पत्र्याच्या ट्रेमध्ये ब्रशनं सुटे भाग धूत बसलेलं असलं, की तो वास जळक्या ऑइलचा कडवटपणा सोबत घेऊन अवचित अंगावर येतो आणि माझी पावलं मंदावतात. दुसऱ्या कुणाला तो उग्र वाटत असेल. मला त्या वासात आप्पा दिसतात. बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या, चष्मा नाकावर घसरलेला, उजव्या हातात रिंग पाना, आणि डाव्या हाताचा तळवा आजारी मुलाच्या कपाळावर टेकवावा तसा इंजिनावर टेकलेला.

आप्पा हायस्कुलात गणित शिकवायचे आणि राजारामपुरीतल्या आमच्या घरापुढं एक जुनी फियाट उभी असायची. गाडीच्या कागदांवर पद्मिनी लिहिलेलं होतं, पण कोल्हापुरात तिला फियाटच म्हणत. 1089 सीसीचं, चार सिलिंडरचं तिचं इंजिन आप्पांना तोंडपाठ होतं. पॉइंट घासणं, प्लगचा गॅप बघणं, टापेट बसवणं, हे सगळं रविवारी घरीच व्हायचं. पैसे वाचतात हे खरं, पण त्याहून खरं कारण त्यांच्या चेहऱ्यावर असायचं. आपण ज्यात बसून जातो ते आतून कसं चालतं हे ठाऊक असावं, अशी त्यांना मनापासून ओढ होती.

मग एकदा पन्हाळ्याला निघालो असताना वाघबीळच्या चढाला गाडी तापली. बॉनेटखालून वाफ आली, तिच्यामागून तो गोडसर, उकळत्या पाण्याचा आणि गंजाचा वास आला. घरी आल्यावर आप्पांनी डिपस्टिक काढून माझ्यापुढं धरली. काळ्या ऑइलच्या जागी पिवळट, दुधाळ, फेसाळ काहीतरी होतं. ‘हेड गॅस्केट उडालंय,’ ते म्हणाले. ‘पाणी ऑइलमध्ये चाललंय. आपण उघडू या.’

आपण! त्या एका शब्दानं मी मोठा झालो.

व्हरांड्यात जुने ‘पुढारी’चे अंक अंथरले गेले. कार्बोरेटर निघाला, रॉकर शाफ्ट निघाला. पुशरॉड ज्या भोकातून आले त्याच क्रमानं एका पुठ्ठ्याला भोकं पाडून त्यात उभे केले आणि त्यांच्याखाली आप्पांनी फळ्यावर खडूनं काढायचे त्याच सुबक अक्षरात पेन्सिलीनं आकडे घातले. माझ्याकडं रॉकेलचा ट्रे होता. काळ्या मळाखालून पितळेचा, पोलादाचा खरा रंग उजळत यायचा आणि मला वाटायचं, हे काम कधी संपूच नये.

आणि अगदी मागच्या कोपऱ्यातला नट सोडवताना ते झालं. पाना फिरला, नट फिरला, पण ते फिरणं फार सोपं होतं. कट्. एवढाच आवाज. नटासकट स्टडचा वरचा तुकडा आप्पांच्या हातात आला आणि उरलेला आत राहिला.

या इंजिनाचा ब्लॉक बिडाचा आणि हेड ॲल्युमिनियमचं. तापल्यावर ॲल्युमिनियम बिडाच्या जवळपास दुपटीनं प्रसरण पावतं. त्या रोजच्या ओढाताणीत कधीतरी पाणी झिरपतं, पोलादी स्टड गंजतो, ॲल्युमिनियमवर पांढरी पूड धरते, आणि वर्षानुवर्षं दोन्ही एकमेकांना असे आवळून बसतात की सोडवू पाहणाऱ्याच्या हाती तुकडाच येतो. हे मला कळलं ते पुढं. त्या संध्याकाळी कळलं ते एवढंच, की आप्पा बोलायचे थांबले आहेत. आईनं चहा आणून ठेवला, तो तसाच निवला. उघडं इंजिन, ओळीनं मांडलेले भाग, आणि पुढं जाता येत नाही, मागंही जाता येत नाही. अशा वेळी घर किती गप्प होतं!

रात्रभर प्रत्येक स्टडच्या बुडाशी रॉकेल जिरवत ठेवलं. सकाळी आईची कपडे धुवायची लाकडी मोगरी घेऊन आप्पा हेडला चहूबाजूंनी हलके ठोके देत राहिले. दुपारकडं ते सुटलं. त्यावर पोलादी पट्टी उभी धरून खालून उजेड पाहिला, तर मधोमध उजेडाची एक बारीक रेघ. हेड तापून वाकलं होतं. ती रेघ मला अजून दिसते.

‘चल,’ आप्पा म्हणाले, ‘उद्यमनगरात.’

पोत्यात गुंडाळलेलं ते हेड स्कूटरवर पायांत धरून आम्ही शिवाजी उद्यमनगरात शिरलो, आणि माझ्या जन्मगावाचं एक दार त्या दिवशी पहिल्यांदा माझ्यासाठी उघडलं. पार्वती टॉकीजला सिनेमे पाहिले होते. त्याच्या मागच्या बाजूचं जग पाहिलं नव्हतं. लेथवर निळसर कीस वळत होता, फाउंड्रीत काळ्या वाळूच्या साच्यांत लाल लोखंड ओतलं जात होतं, कुणाच्या तरी मळ्यावरचं ऑइल इंजिन दारात सुटं होऊन पडलं होतं आणि त्याचा धनी शेजारी उकिडवा बसला होता, आमच्यासारखाच चेहरा करून. एका अंधाऱ्या शेडमध्ये मिस्त्रींनी सपाट प्लेटवर निळा रंग फासला, हेड त्यावर ठेवून अलगद सरकवलं आणि उलटं करून दाखवलं. जिथं उंचवटा तिथं निळं; जिथं खोल तिथं कोरं. गणिताच्या मास्तरांनी त्या निळ्या डागांकडं कितीतरी वेळ पाहिलं.

‘सर, उघडलासा ते ब्येस झालं,’ मिस्त्री म्हणाले. ‘तशीच पळवली असती तर ब्लॉकच ग्येला असता.’

हेडचं फेसिंग झालं. मग संध्याकाळी मिस्त्री सायकलवरून घरी आले. तुटक्या स्टडच्या बरोबर मध्यावर पंच मारला, बारीक ड्रिल घातलं, भोवतालचं बीड ब्लो लॅम्पनं तापवलं आणि उलट्या आट्यांचं हत्यार आत रोवून, श्वास रोखून, किंचित किंचित फिरवलं. गंजका तुकडा वर आला. आप्पांनी तो हातात घेऊन रुमालानं पुसला.

त्या रात्री जेवताना त्यांनी मला बाबूराव पेंटरांची गोष्ट सांगितली. बाबूराव आणि त्यांचे नात्यातले भाऊ आनंदराव यांनी याच गावात सिनेमाचा कॅमेरा स्वतः बनवायचं मनावर घेतलं होतं. 1916 मध्ये आनंदराव गेले. काम अर्धं राहिलं. मग आपले सहकारी दामले यांना सोबत घेऊन बाबूरावांनी ते हाती घेतलं, 1918 मध्ये कॅमेरा तयार झाला आणि 1920 मध्ये ‘सैरंध्री’ पडद्यावर आला. ‘एका हातानं सुरू झालेलं दुसऱ्या हातानं पुरं होतं,’ आप्पा म्हणाले. ‘त्यात कमीपणा नाही.’ ते मला सांगत होते की स्वतःला, कोण जाणे.

नवं गॅस्केट बसलं. नट मधल्यापासून बाहेरच्या बाजूला, तिरपे तिरपे, थोडे थोडे आवळत नेले. किल्ली फिरवली. इंजिन आधी खोकलं, मग सुरात आलं, आणि आप्पांचा डावा तळवा पुन्हा त्याच्यावर टेकला. सगळं थंड झाल्यावर त्यांनी नट आणखी एकदा तपासले. पाना या वेळी माझ्या हातात होता.

आप्पा आता नाहीत. फियाटही गेली. दसऱ्याला राजघराण्याची मेबॅक दसरा चौकात येते तेव्हा लोक तिचं रूप पाहतात, मी गर्दीत डोळे मिटून तिचं इंजिन ऐकतो. माझ्या गाडीचं बॉनेट उघडलं तर आत प्लॅस्टिकचं गुळगुळीत झाकण दिसतं. त्याबद्दल माझी तक्रार नाही, ती गाडी चढाला तापत नाही. पण मला मनापासून वाटतं, बिघाड सगळा आमच्या चार हातांत मावला असता, तर आप्पा आणि मी व्हरांड्यातच राहिलो असतो. तो मावला नाही, म्हणून हे गाव मला भेटलं.

हल्ली रविवारी मुलीला घेऊन तिच्या आजोबांच्या त्या जुन्या स्कूटरचा कार्बोरेटर उघडून बसतो. ‘अडलंच कुठं तर?’ ती विचारते. ‘तर उद्यमनगरात जाऊ,’ मी सांगतो. आणि सांगताना मला वाटत असतं, थोडं अडावंच.