लेस्टरमधला चुकलेला शुक्रवार

शाळेला मे महिन्याची सुट्टी लागली आणि मी रत्नागिरीहून निघून इंग्लंडातल्या लेस्टरला आपाकडे पोहोचले. तिच्या पित्ताशयातल्या खड्यांचे ऑपरेशन व्हायचे होते. दुल्हाभाईंची रात्रपाळी, भाच्याच्या परीक्षा. घरात कुणी बाईमाणूस हवे म्हणून हा खटाटोप. परतीचे तिकीट 5 जूनचे होते.

आपा हायफील्ड्स भागात राहते. एकमेकांना खेटून उभी असलेली लाल विटांची घरे, इव्हिंग्टन रोडवर हलाल मटणाची दुकाने, संध्याकाळी स्पिनी हिल पार्कात गप्पा मारत फिरणाऱ्या हिजाबातल्या बायका. वाटेत गुजराती, उर्दू असे काही ना काही ओळखीचे कानावर पडतेच. इथे भाषेची अडचण ती काय येणार, असे मी आपाला म्हटलेही होते.

मंगळवारी, 28 मेला, हॉस्पिटलातून फोन आला. आपा नमाजात होती, म्हणून मीच घेतला. पलीकडची बाई भराभर बोलली : ‘फ्रायडे वीक’, सकाळी साडेसात, मध्यरात्रीनंतर काही खायचे नाही. मी ‘येस, येस’ म्हणत कॅलेंडरवर 31 तारखेला गोल केला. फ्रायडे आणि वीक, म्हणजे याच आठवड्यातला शुक्रवार, दुसरे काय? वर्गात ‘समजले नाही तर विचारा’ असे मुलांना रोज सांगणारी मी. पण स्वतः विचारायची वेळ आली तेव्हा लाज वाटली.

शुक्रवारी उपाशी आपाला घेऊन टॅक्सीने गेलो. काउंटरवरच्या बाईने कॉम्प्युटर पाहिला आणि हळूच म्हणाली, ‘आज नाही. 7 जूनला.’ मी तर 5 तारखेला निघणार होते! टॅक्सीत आपा एक शब्द बोलली नाही. घरी येऊन चहाही तिनेच ठेवला आणि म्हणाली, ‘तू जा गं. माझं होईल.’ त्या ‘होईल’ने मला जास्त लागले.

संध्याकाळी शेजारच्या गोऱ्या आजी कुंपणापाशी आल्या. त्यांनी उलगडा केला. शुक्रवार धरायचा आणि तिथून एक आठवडा पुढे मोजायचा, तो फ्रायडे वीक. तसेच ‘टुमारो वीक’ म्हणजे उद्यापासून आठव्या दिवशी. हे ब्रिटनमधले बोलणे. अमेरिकन माणूसही यावर गोंधळतो म्हणे. ‘मग नेक्स्ट फ्रायडे म्हणायला काय हरकत?’ असे मी विचारले, तर भाचा हसायला लागला. नेक्स्ट फ्रायडे म्हणजे कुणाला लगेच येणारा शुक्रवार वाटतो, कुणाला त्याच्या पुढच्या आठवड्यातला. त्याच्या मित्रांत यावरून वाद होतात. आपले ‘येत्या शुक्रवारी’ किती सरळ! पण फुशारकी नको. आपला ‘परवा’ मागचाही असतो आणि पुढचाही. उर्दूतला ‘कल’ तर काल आणि उद्या दोन्ही. तिथे क्रियापद सांभाळून घेते. फ्रायडे वीकला मात्र तसा आधार नाही, तो ठाऊकच असावा लागतो.

आजी ‘फोर्टनाइट’ही सारखे म्हणत. मला वाटे आपला पंधरवडा. पण तो चौदाच दिवसांचा, आणि शब्द मुळात ‘चौदा रात्री’ असा. आठवड्यालाही जुन्या इंग्रजीत ‘सेनाइट’, म्हणजे सात रात्री, असा शब्द होता. प्राचीन जर्मन टोळ्या दिवस नव्हे, रात्री मोजतात, असे रोमन लेखक टॅसिटसने लिहून ठेवले आहे. हे वाचून मला आपली जुमेरात आठवली. वार गुरुवार, पण नाव जुम्याच्या रातीचे. कारण आपली तारीख मगरिबला बदलते. लेस्टरला मेअखेरीस मगरिब रात्री नऊनंतर होते. गुरुवारी त्या लख्ख उजेडात ‘आता जुम्याची रात लागेल’ असे मी आजींना सांगितले होते, तेव्हा त्यांनी आकाशाकडे बघून भुवया उंचावल्या होत्या. रात्री मोजणारी त्यांची भाषा, आणि नवल त्यांनाच! असो.

तिकीट 12 जूनचे करून घेतले. त्यासाठी मोजलेल्या पैशांत घरातल्या सगळ्यांचे ईदचे कपडे झाले असते. शाळा 15ला उघडणार होती, त्यामुळे मुख्याध्यापकांपुढे हात जोडावे लागले नाहीत.

7 जूनला आपाचे ऑपरेशन झाले, अल्हम्दुलिल्लाह. घरी सोडताना नर्स म्हणाली, ‘तपासणीला थर्सडे वीक.’ मी पर्समधून कागद-पेन काढून तिच्यापुढे ठेवले. तिने लिहिले : 20 जून. आपाने कागद माझ्या हातातून घेतला, दोनदा वाचला आणि घडी घालून स्वतःच्या पर्समध्ये ठेवला. त्या गुरुवारी मी रत्नागिरीत वर्गावर असणार होते.