विंडो मारून घ्या

परळीत कॉम्प्युटरचं काहीही दुखलं की औषध एकच. ‘काका, विंडो मारून घ्या.’ माउस अडकतोय, विंडो मारा. मशीन हळू झालंय, विंडो मारा. एकदा प्रिंट फिकी येत होती तेव्हाही मला हेच सांगण्यात आलं. टोनर संपला होता. शिक्का मारावा, चुना मारावा, तशी आमच्याकडं विंडो मारतात, म्हणजे विंडोज पुसून नव्यानं टाकतात. वैद्यनाथाच्या गावात सगळ्या दुखण्यांना एकच काढा चालावा, याची मला गंमत वाटते.

वीसेक वर्षं झाली, मी डीटीपीचं दुकान चालवतो. लग्नपत्रिका, शाळांचे पेपर, तेराव्याची पत्रं, पतसंस्थांचे अहवाल. इथलं मशीन व्हायरसच्या आधी राखेशी लढतं. औष्णिक केंद्राची राख उन्हाळ्याच्या वाऱ्यावर येते आणि थेट कॅबिनेटच्या पंख्यात जाऊन बसते. ब्लोअर लावला की करडा ढग उठतो. वीज आमच्या गावानं बनवायची आणि लोडशेडिंगमध्ये यूपीएसची पिपाणीही आम्हीच ऐकायची, असंही पुष्कळ चाललं. या सगळ्यातून माझं मशीन टिकलं. आणि १४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०च्या सपोर्टची मुदत संपली. विंडोज ११ला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते, प्रोसेसरही बऱ्यापैकी नवा लागतो. माझं मशीन धडधाकट, पण नियमात बसेना. औष्णिक केंद्रातले १९७१चे ३० मेगावॉटचे संच बंद झाले, तेव्हा निदान ते म्हातारे तरी झाले होते.

मुलीचा पुण्याहून फोन आला. ‘बाबा, आता तरी उबंटू टाका. फुकट आहे.’

फुकट! उबंटू म्हणजे लिनक्सच, आणि लिनक्सवाल्यांचं पहिलं वाक्य हेच असतं, आणि आमच्या गल्लीत ते पहिल्याच वाक्याला हरतात. कारण एक्सपीच्या काळात इथं विंडोजही फुकटच होती. मशीन जोडून देणारा पोरगा खिशातून सीडी काढायचा आणि विंडोज, ऑफिस, चार फॉन्ट, दोन गेम असं सगळं एका दुपारी टाकून द्यायचा. पैसे लागायचे ते त्याच्या मेहनतीचे आणि चहाचे. चोरीचा माल होता, हे कबूल. पण ज्याला दोन्ही गोष्टी फुकट मिळतात तो किंमत बघत नाही, तो बघतो की बिघडलं तर येणार कोण. विंडो मारणारी पोरं चौकाचौकात होती. लिनक्स मारून देणारा एकही नव्हता.

त्याचं कारणही लपलेलं नाही. आमची पिढी कॉम्प्युटर शिकली ती एमएस-सीआयटीत. त्यातलं एमएस म्हणजे महाराष्ट्र स्टेट. पण मायक्रोसॉफ्टच समजणारे मला कितीतरी भेटलेत आणि त्यांना मी दोष देत नाही, कारण वर्गात समोर विंडोजच असायची. तिकडं केरळच्या सरकारी शाळांत ‘आयटी अ‍ॅट स्कूल’ प्रकल्पातून पोरं लिनक्सवर शिकली. निवड म्हणतात ती बहुतेक वेळा अशी आधीच, कुणीतरी दुसऱ्यानं, आपण बाकावर बसलेलो असताना केलेली असते.

उबंटू मी पूर्वी पाहिली नव्हती असं नाही. २०११पर्यंत उबंटूवाले मागेल त्याला सीडी पोस्टानं पाठवायचे, टपालखर्चसुद्धा न घेता. मीही मागवली होती. सीडीवरूनच चालवून पाहिली. तपकिरी पडदा उघडला, शेताच्या ढेकळासारखा. छान वाटलं. मग पत्रिकेची एक जुनी फाइल उघडली, आणि ‘श्री गणेशाय नमः’च्या जागी डॉलर, कंस आणि उलटेसुलटे इंग्रजी कॅपिटल. सीडी काढली ती ड्रॉवरमध्ये गेली. लिनक्सला मराठी येत नाही, असं मी पुढं कित्येक वर्षं लोकांना सांगत फिरलो.

ते धादांत खोटं होतं. मराठी येत नव्हती ती माझ्या फाइलला. जुन्या फॉन्टांची युक्ती अशी होती की आत साठवायचं इंग्रजी अक्षर आणि वर चित्र काढायचं मराठीचं. फॉन्ट आहे तोवर मराठी दिसणार. फॉन्ट काढला की मुखवटा गळून पडणार. त्यात प्रत्येक कंपनीची मांडणी वेगळी. माझ्या फॉन्टच्या पॅकेजला तर डोंगल होतं, करंगळीएवढं, मशीनच्या पाठीत खुपसायचं. ते हरवलं तेव्हा दोन दिवस दुकान बंद होतं. मला वाटायचं मला विंडोजनं बांधून ठेवलंय. दोर खरं म्हणजे फॉन्टचा होता.

या वेळी मुलीनं दिवाळीत येऊन घरच्या लॅपटॉपवर उबंटू टाकून दिली. युनिकोड, म्हणजे मराठी अक्षर मराठी म्हणूनच साठवायची पद्धत, आणि इनस्क्रिप्टचा कीबोर्ड दोन्ही आतच होते. डोंगल नाही, सीडी नाही. मी ‘परळी’ टाइप केलं : एच, जे, शिफ्ट धरून एन, आर. चार वेळा बोट आपटलं, गाव उमटलं. मग सवयीनं पत्रिकेची सुरुवात करायला गेलो आणि तिथंच अडलो. पत्रिका ‘चि.’नं सुरू होते. माझी बोटं टाइपरायटरच्या वळणाची; ऱ्हस्व वेलांटी कागदावर आधी दिसते म्हणून ती आधी मारायची. युनिकोडमध्ये उच्चाराचा क्रम : आधी च, मग वेलांटी. माझी वेलांटी पडद्यावर एका ठिपक्यांच्या गोळ्याला लटकून बसली, आणि च पलीकडं एकटाच. चिरंजीवही बिघडला, चि.सौ.कां.ही बिघडली. वीस वर्षांची बोटं वळवायला मला तीन आठवडे लागले. सिस्टिम बदलायला पाऊण तास लागला होता.

दोन दावेदारांची आम्हाला तशी सवय आहे. वैद्यनाथाचं ज्योतिर्लिंग परळीचं की झारखंडातल्या देवघरचं, हा वाद जुना. विद्वान श्लोक काढून भांडतात. परळीकर पायऱ्या चढतो, लिंगाला हात लावून दर्शन घेतो आणि खाली उतरून पेढे घेतो. इथं देवाला हात लावता येतो, एवढं त्याला पुरतं. सिस्टिमच्या भांडणातही मी आता तेवढंच विचारतो : माझ्या हाताला काय लागतंय? विंडोज की लिनक्स यावर तावातावानं बोलणाऱ्यांच्या खिशात बहुधा अँड्रॉइड असतो, आणि त्याच्या बुडाशी लिनक्सचाच गाभा आहे. गेली कित्येक वर्षं मोंढ्यातला हमालसुद्धा लिनक्स वापरतोय. त्याला कुणी विचारलं नाही, त्यानंही कुणाला सांगितलं नाही.

दुकानात मी विंडोज काढलेली नाही. पत्रिका कोरलमध्ये होतात, आणि कोरल लिनक्सवर नाही. जुना प्रिंटरही तिकडं रुसतो. तेव्हा मुदत संपलेल्या त्या मशीनची नेटची वायर तेवढी उपटून ठेवली आहे. लिहिणं, मेल, हिशेब घरच्या उबंटूवर. रोज रात्री दुकानातल्या चार-पाच जुन्या फाइली पेनड्राइव्हवर घरी आणतो आणि कन्व्हर्टरमधून युनिकोड करतो. कन्व्हर्टर हुशार आहे, पण ‘कऱ्हाड’ म्हटलं की त्याची दांडी गुल होते. मग ते हातानं दुरुस्त करायचं. २००९ सालापर्यंत पोचलोय.

तुमच्याही घरी आजोबांचं आत्मचरित्र, संस्थेचं इतिवृत्त, आईच्या पाककृती असं काही जुन्या फॉन्टमध्ये पडलं असेल, तर मशीन आणि डोंगल चालू आहे तोवर आधी ते युनिकोडमध्ये करून घ्या. विंडो मग सावकाश मारा, नाहीतर मारूही नका.