रिकामी घरं

“सर, यातली पाच घरं तर निसर्गानेच रिकामी ठेवलेली असणार ना?”

डेस्कवर नव्याने आलेल्या मुलीने हे विचारलं आणि मी गप्प झालो. ते ग्राफिक म्हणजे माझं सगळ्यात गाजलेलं काम. फ्रेम करून खुर्चीमागे लावलंय. भेटायला येणाऱ्याची नजर तिकडे जावी, असंच लावलंय. २०११च्या जनगणनेत बीड जिल्ह्यात शून्य ते सहा वयोगटात हजार मुलग्यांमागे ८०७ मुली निघाल्या. २००१ मध्ये त्या ८९४ होत्या. मी शंभर मुलगे काढले, समोर शंभर घरं आखली, दोन वेण्यांच्या ८१ मुली बसवल्या, १९ घरं मोकळी सोडली. वर मथळा, ‘या मुली कुठे गेल्या?’

पण जन्मालाच हजार मुलग्यांमागे मुली येतात साधारण साडेनऊशे. म्हणजे माणसांनी हिरावलेल्या, शंभरामागे चौदा. उरलेल्या पाचांचा दोष मी इतकी वर्षं तिच्या जिल्ह्याच्या माथी मारत होतो. ती बीड जिल्ह्यातल्याच केजची आहे.

नसलेलं माणूस काढायचं कसं, इथेच माझा हात कायम अडतो. तुटक रेषेने काढली तर मुलगी आहेच असं वाटतं. करडी केली तर सावली होते. कोरी सोडली तेव्हा रात्री छापखान्यातून फोन आला होता, प्लेटवर काही उमटायचं राहिलंय का म्हणून.

हल्ली स्तंभालेख ७५०पासूनच सुरू करतात. मग ८०७चं बीड राज्याच्या ८९४पुढे निम्म्याहूनही बुटकं दिसतं. वाचक हादरतो खरा, पण खोट्या उंचीने. याची मला चीड येते. कुणी मुलगा मोठा नि मुलगी लहान काढतं. संख्या वाढली तर चित्रं वाढवा, चित्राचा आकार नको, हे व्हिएन्नात ऑटो नॉयराट शंभर वर्षांपूर्वी सांगून गेला. इथे मुलगी खुजी झालेली नाही, मुली कमी झाल्यात. हे मी तावातावाने शिकवत आलो, आणि माझीच घरं मोजायची चुकली.

पान नेटकं दिसावं म्हणून मोकळी घरं मी शेवटच्या दोन ओळींत गोळा केली होती. “वर्गात त्या अशा एकाच बाकावरून गेलेल्या नसतात, सर,” म्हणत तिने चौदा घरं सगळ्या ओळींत पांगवली. एकीच्या शेजारी, दोघींच्या मधे. उरलेली पाच अजून माझ्या टेबलावर आहेत. ती कुठे ठेवायची, ते सुचत नाहीये.