मिहानचे बीम आणि मामाचं नाणं

कॉन्व्हेंटमुळे माझं मराठी जरा डळमळीत आहे, सांभाळून घ्या. पण हा विषय इंग्लिशमध्ये लिहिला असता तर मामाला वाचता आला नसता.

बोईंग ७८७ ड्रीमलायनरच्या वजनात साधारण ५० टक्के कॉम्पोझिट असतं, म्हणजे मुख्यतः कार्बन फायबर आणि रेझिन. त्याचे फ्लोअर बीम, ज्यांवर प्रवाशांच्या पायाखालची फरशी टेकते, बनवायचं काम टाटांच्या टाल कंपनीने आपल्या मिहानमध्ये सुरू केलं. नागपूरकरांना संत्र्याबद्दल विचारा, तासभर बोलतील. ह्याबद्दल? सगळे गप्प!

हा माल महाग का? रेझिन भिजवलेलं कापड उणे १८ अंशांना फ्रीझरमध्ये ठेवायचं, थरावर थर लावायचे, मग ऑटोक्लेव्ह नावाच्या अवाढव्य प्रेशर कुकरमध्ये सुमारे १८० अंशांवर शिजवायचं. खर्च वाचवायचा एक उपाय म्हणजे अनेक छोट्या पार्टऐवजी एकच मोठा तुकडा काढणं. रिवेट वाचतात, जोडणीचे तास वाचतात. पण तो तुकडा बिघडला की?

ॲल्युमिनियमला पोचा पडला तर दिसतो. कॉम्पोझिटवर शिडी आपटली तर वरून नीट दिसेल अन् आत थर सुटलेले असतील. अल्ट्रासाउंड असतोच, पण जुनी पद्धत म्हणजे नाण्याने ठोकून ऐकणं. हे पुस्तकात वाचलं आणि मी उडालेच! माझा मामा कूलरच्या फायबर बॉड्या दुरुस्त करतो, तोही हेच करतो. "आवाज बद्द येऊन राहिला ना, मंग अंदरून गेलं समज."

दुरुस्ती मात्र त्याच्यासारखी ठिगळ चिकटवून भागत नाही. ३ मिलिमीटर जाडीच्या पॅनेलला १:३० उतार द्यायचा तर भोकाच्या चहूबाजूंनी ९० मिलिमीटर घासावं लागतं. पाच रुपयांच्या नाण्याएवढं भोक, जेवणाच्या ताटाएवढं काम! तरी होतं. जुलै २०१३ मध्ये हीथ्रोवर उभ्या इथिओपियन एअरलाइन्सच्या ड्रीमलायनरला आग लागली, शेपटीजवळचं छत जळालं. डिसेंबरात ते विमान परत प्रवासी नेऊ लागलं.

आता प्रोजेक्टचं भांडण. गाइड सर म्हणतात, वजन कमी करून दाखवा, पेपर निघेल. ग्रुपमधल्या दोघांनाही तेच पटलंय. मला थोडं जड, पण बोल्ट काढून बदलता येईल असं पॅनेल हवंय, जे ऑटोक्लेव्ह नसलेल्या छोट्या धावपट्टीवरही दुरुस्त होईल. सोमवारी फॉर्म द्यायचाय. तिघांत दोन मतं माझ्या विरुद्ध आहेत, म्हणून रविवारी दोघांना मामाच्या दुकानात नेणार आहे. नाणं त्यांनी स्वतःचं आणायचं.