पांढरा फेटा, काळा बुक्का

आमच्या विभागातला कॅमेरा रजिस्टरमध्ये सही केल्याशिवाय मिळत नसे, आणि मिळाला तरी लेन्स एकच, १८-५५ची. पहिल्या सत्रात सरांनी अ‍ॅपर्चर, शटर आणि आयएसओ हे त्रिकूट आमच्याकडून घोकून घेतलं. एफ ४चं एफ ५.६ केलं की प्रकाश निम्मा. शटर १/२५०चं १/१२५ केलं की दुप्पट. परीक्षेपुरतं एवढं पुरलं. अंगी लागलं ते मात्र आषाढी वारीत, दिवे घाटात.

मी सासवडची. माउलींची पालखी घाट चढून आमच्याकडेच मुक्कामाला येते, त्यामुळे प्रकल्पासाठी विषय शोधत हिंडावं लागलं नाही. आभाळ भरून आलेलं. धोतरं, सदरे, टोप्या, सगळा घाट पांढरा. कॅमेऱ्याच्या स्क्रीनवर मात्र दिंडी राखाडी, मळकट. कॅमेऱ्यातल्या प्रकाश मोजणाऱ्या मीटरला समोर काय आहे ते कळत नाही. फ्रेममधला सगळा उजेड मिळून मध्यम राखाडी भरणार, असं तो धरून चालतो. पांढऱ्याने भरलेली चौकट त्याला अती उजळ वाटते, म्हणून तो ती दाबतो. काळी म्हैस फ्रेमभर घेतली तर तिलाही उजळून राखाडी करतो. पांढऱ्याला प्लस, काळ्याला मायनस, हे वर्गात उलटं वाटणारं सूत्र घाटात वापरलं आणि धोतरं धोतरांसारखी दिसू लागली.

खरी पंचाईत चेहऱ्यांची. एक वयस्क टाळकरी कठड्याशी टेकले होते. उन्हाने रापलेला सावळा चेहरा, कपाळी गोपीचंदन, त्यावर बुक्का, डोक्याला पांढराशुभ्र फेटा. चेहऱ्याला पुरेल एवढा प्रकाश घ्यावा तर फेट्याच्या घड्या जातात, नुसता पांढरा धब्बा उरतो. घड्या सांभाळाव्यात तर डोळे अंधारात. हिस्टोग्राम, म्हणजे स्क्रीनवरचा उजेडाचा आलेख, उजव्या कडेवर आदळला की तिथला तपशील गेलाच, एडिटिंगमध्येही तो परत येत नाही. सावलीतून मात्र बरंच काही वर काढता येतं. म्हणून फेटा वाचवला, चेहरा नंतरसाठी ठेवला आणि फाइल रॉ घेतली. जेपेगमध्ये प्रत्येक रंगाच्या २५६ पायऱ्या असतात, १४ बिटच्या रॉमध्ये १६,३८४. चेहरा वर ओढायचा तर एवढी पुंजी हवीच.

विभागाच्या लॅबमध्ये डार्कटेबल या फुकट मिळणाऱ्या सॉफ्टवेअरवर फाइल उघडली, तर ती फिकी, निर्जीव. तोवर एडिटिंग म्हणजे थोडीशी लबाडी असं मला वाटायचं. कॅमेऱ्यातून येतं तेच अस्सल. पण सेन्सरवरचा प्रत्येक बिंदू लाल, हिरवा, निळा यांपैकी एकच रंग मोजतो. कोडॅकच्या ब्राइस बायर यांच्या, १९७६ साली पेटंट मिळालेल्या रचनेत निम्मे बिंदू हिरव्याचे असतात. उरलेले दोन रंग शेजाऱ्यांवरून अंदाजाने भरायचे. जेपेगमध्ये हे अंदाज, कॉन्ट्रास्ट, रंगांचा गडदपणा सगळं कॅमेराच ठरवून मोकळा होतो. एडिटिंग तर होतंच. फक्त करणारा दुसरा.

मग कुठवर करायचं हा प्रश्न उरला. चेहऱ्यापुरता मास्क घालून स्लायडर सरकवला. शेजारची मैत्रीण म्हणाली, ‘अजून उजळ कर ना, छान दिसतील आजोबा.’ आमच्याकडे ‘छान’ म्हणजे गोरं, हे लग्नाच्या अल्बमपासून मोबाइलच्या ब्यूटी फिल्टरपर्यंत ठरलेलंच आहे. परदेशातही वेगळं नव्हतं: कोडॅकच्या ‘शर्ली कार्ड’वरची बाई गोरी असायची आणि प्रिंटचे रंग तिच्या त्वचेवरून जुळवले जात, त्यामुळे सावळ्या माणसांचे हाल. मी माझ्यापुरती खूण ठरवली बुक्क्याची. स्लायडर पुढे नेताना कपाळावरचा काळा बुक्का करडा दिसू लागला की तिथून थोडं मागे यायचं. बुक्का काळा, फेट्याच्या घड्या जागेवर, या दोन टोकांमध्ये चेहरा जिथे बसेल तिथे बसेल. सरांनी त्या फोटोला मार्क बरे दिले, क्रॉपिंगबद्दल बोललेच.

टाळकरीबुवा परभणीकडचे. फोटो पाठवायचं कबूल केलं होतं, म्हणून प्रिंट काढायला गेले. लॅबवाल्याने स्क्रीनकडे पाहत विचारलं, ‘ताई, चेहरा जरा खुलवू का?’ मी म्हटलं, ‘करेक्शन अजिबात लावू नका.’ त्याला ते पटलं नाही. एक प्रिंट माझ्या म्हणण्याप्रमाणे काढली, आणि खुलवलेली एक त्याच्यातर्फे फुकट दिली. मी दोन्ही पाकिटात घालून पोस्टाने पाठवल्या.

पुढे बुवांचा फोन आला. लॅबवाल्याची प्रिंट फ्रेम करून भिंतीला लावली होती. ‘दुसरा फोटू बी चांगलाय माउली,’ ते म्हणाले, ‘पर त्यात मी लई चालून आल्यावानी दिसतो.’